आजीच्या वाती आणि सीआयडी

शुक्रवारी रात्री आमच्या कराडच्या घरात जेवणं लवकर उरकायची. भांडी घासून पालथी घातलेली, अंथरुणं अजून टाकायची आहेत, बाबा खुर्चीत, आम्ही पोरं जमिनीवर आणि आजी मागे भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली, पुढ्यात स्टीलची ताटली. ताटलीत पिंजलेला कापूस, शेजारी छोट्या वाटीत चमचाभर दूध. बोटाला दूध लावायचं, कापसाची चिमूट ओढायची आणि मांडीवर तळहात फिरवून वात वळायची. टीव्ही चालू असला की आजीचे हात चालू असायचेच, गल्लीतल्या कितीतरी घरांच्या समया तिच्या वातींवर तेवायच्या.

आणि सीआयडी ही हिंदी पोलीस-तपासाची मालिका बघताना मध्येच कधीतरी ते हात थांबायचे.

हे पहिल्यांदा माझ्या दादाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, टीव्हीकडे बघू नकोस, आजीच्या हातांकडे बघ. ज्या क्षणी वात अर्धवट राहते, त्या क्षणी पडद्यावर जो माणूस आहे तोच खुनी. आम्ही दोघं मग आळीपाळीने मागे वळून बघायचो, आणि खरंच, बहुतेक वेळा तसंच निघायचं. आजीला हिंदी जेमतेम कळायचं. तपास करणारा मुख्य अधिकारी एसीपी काय विचारतोय, लॅबमधला डॉक्टर साळुंखे कुठल्या विषाचं नाव घेतोय, हे ती आम्हाला विचारायची सुद्धा नाही. पण घरात प्रेत पडलेलं असताना एखादी बाई चौकशीला आलेल्या पोलिसांना चहात साखर किती घालू विचारायला लागली की आजीचा तळहात मांडीवर थांबलाच. "मढं घरात हाय आन् हिला साखर सुचतीय," एवढंच म्हणायची.

मी आता साताऱ्यात वकिली करते, फौजदारी कामं जास्त. माणसाच्या तोंडाकडे बघून त्याचं म्हणणं तोलायचं असतं हे मला लॉ कॉलेजात नंतर शिकवलं, आधी आजीने शिकवलं. आणि आजीला ते करता यावं अशी मालिका त्या काळी कोणीतरी बनवत होतं, यासाठी हा लेख लिहायला बसले आहे.

सीआयडी सोनीवर सुरू झाली २१ जानेवारी १९९८ ला. आमच्याकडे केबल आली त्याच सुमाराला. पण आमच्या घराची ओळख त्याच्याही आधीची होती. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर 'एक शून्य शून्य' नावाची मराठी पोलीस मालिका लागायची, पोलिसांचा फोन नंबर शंभर म्हणून ते नाव. ती बनवणारे बी. पी. सिंग आणि त्यात पोलीस अधिकारी झालेले शिवाजी साटम. सिंग पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत शिकलेले, दूरदर्शनवर कॅमेरामनचं काम केलेले. हीच जोडी पुढे हिंदीत गेली आणि सीआयडी झाली. त्यामुळे नवीन मालिकेत साटम दिसले तेव्हा आजीने लगेच ओळखलं, "ह्यो तर आपला एक शून्य शून्यवाला." तेव्हापासून आमच्या घरात एसीपी प्रद्युमन हे नाव फारसं कुणी घेतलंच नाही. साटम आले, साटम चिडले, साटमांनी धरला त्याला. एखादा लांबचा काका पोलिसात मोठ्या हुद्द्यावर असावा आणि दर शुक्रवारी त्याची खुशाली कळावी, तसं ते नातं होतं.

साटम आधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते, नोकरी सांभाळून नाटकं करायचे. मला नेहमी वाटतं की ते काउंटर त्यांच्या एसीपीत उतरलंय. बँकेच्या काउंटरमागचा मुरलेला माणूस समोरच्याचा चेक हातात घेतो, सही बघतो, मग मान वर करून माणूस बघतो, मग परत सही बघतो. सुरुवातीच्या भागांमधला एसीपी अगदी तसा बघायचा. ओरडायचा कमी. प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून झालं तरी थोडा वेळ बघतच राहायचा, आणि त्या थोड्या वेळात समोरचा माणूस घाम पुसायला लागायचा. हाताची बोटं हवेत फिरवून "कुछ तो गडबड है" म्हणणं हे नंतर लोकांनी उचललं, नकला केल्या, लग्नाच्या संगीतात केल्या, पण मूळ भागात ती बोटं फिरायची तेव्हा तो माणूस खरंच विचार करत असायचा, आणि आपणही त्याच्याबरोबर करत असायचो.

तेव्हा भाग अर्ध्या तासाचा असायचा आणि एक केस दोन भागांत. म्हणजे पहिल्या शुक्रवारी खून, चार-पाच संशयित, आणि कुणाच्या तरी चेहऱ्यावर कॅमेरा थांबला की संपलं. मग आठवडाभर काय चालायचं ते आजच्या एका रात्रीत अख्खा सीझन बघणाऱ्यांना कसं सांगावं कळत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत दोन पार्ट्या पडायच्या. एक म्हणायची पुतण्या, दुसरी म्हणायची नोकर. दादा वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहून खुणा करायचा. बाबा कधी बोलायचे नाहीत, पण गुरुवारी रात्री हळूच विचारायचे, त्या बाईचा नवरा दुबईला होता ना रे नक्की?

एकदा दुसऱ्या भागाच्या दिवशी ऐन वेळी लाईट गेली. आम्ही अंधारात बसून राहिलो, येईल येईल म्हणत, आली नाही. तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचा दर कमी व्हायचा, तोवर थांबून आईने पुण्याला मामाला फोन लावला. आई फोनवर ऐकत होती आणि आमच्याकडे बघून एकेक वाक्य सांगत होती, नवरा नव्हे... भाऊ... जमिनीच्या कागदावरून... तिला माहीत होतं आधीपासून. मेणबत्तीच्या उजेडात आजी ऐकत होती. म्हणाली, "मग रडला का त्यो?" मामाला ते सांगता आलं नाही. आजीला नाव कळलं होतं, पण तिला हवं होतं ते वेगळंच होतं.

मी हे इतकं बारीक सांगतेय कारण सीआयडीचं सगळं वजन माझ्या मते या एका प्रश्नावर होतं. खुनी कोण हे तर कुठलीही रहस्यकथा सांगते. सुरुवातीची सीआयडी त्या खुन्याला दोन मिनिटं बोलू द्यायची. पकडला, मागे वळला, खुर्चीत बसला, आणि का केलं ते सांगायला लागला. उधारी, वाटणी, लग्नात झालेला अपमान, नोकरीतून काढल्याचा राग, आपल्या शेजारी-पाजारी असतात तसली कारणं. तो सांगत असताना एसीपीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नसायचा. त्याच्या हाताखालचे अधिकारी अभिजीत आणि दया मान खाली घालून उभे असायचे.

वकील म्हणून सांगते, कायद्याच्या दृष्टीने ही कबुली शून्य. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, नव्या कायद्यात ते २३ झालंय. पोलीस फार तर मेमोरंडम पंचनामा करतात, म्हणजे वस्तू कुठे लपवली ते आरोपीने सांगितलेलं पंचांसमोर लिहून घेतात, त्याने दाखवलेल्या जागेवरून कोयता नाहीतर कपडे जप्त करतात, आणि तेवढाच भाग कोर्टात टिकतो. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. खटला वर्षानुवर्षं चालतो. मयताची आई दर तारखेला येऊन बाकावर बसते, आणि 'का केलंस' हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही, कारण आरोपीचा वकील त्याला गप्प बसायला सांगतो, आणि मी स्वतः तसं सांगितलेलं आहे, ते माझं कामच आहे. मला त्या बाकाकडे बघितलं की सीआयडीतली ती शेवटची दोन मिनिटं आठवतात. खऱ्या आयुष्यात न मिळणारी गोष्ट ती मालिका लोकांना दर आठवड्याला देत होती.

आणि चौकशी. पाय झिजवून केलेली चौकशी. बिल्डिंगचा वॉचमन, खालचा इस्त्रीवाला, दूध टाकणारा पोऱ्या, कामवाली मावशी, लिफ्टमन, एसटीडी बूथवाला. ज्यांना एरवी टीव्हीवर तोंड उघडायला मिळत नाही अशा लोकांपाशी सीआयडीचे मोठे अधिकारी येऊन उभे राहायचे आणि "काका, नीट आठवून सांगा" म्हणायचे. आणि किल्ली तिथेच असायची. साहेबांनी त्या दिवशी दोनच शर्ट दिले, एरवी पाच देतात. बस. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी कधी कधी दारात टेकून बघायच्या, असा प्रसंग आला की त्या दारातून आत यायच्या.

माणसंही तेव्हा माणसांसारखी होती. पहिल्या काळात आशुतोष गोवारीकर सीनियर इन्स्पेक्टर वीरेंद्र होते, पुढे मोठे दिग्दर्शक झाले ते. अश्विनी काळसेकरांची आशा होती, मोना आंबेगावकरांच्या डॉ. अंजलिका देशमुख होत्या. दयानंद शेट्टी आले ते दया म्हणून कायमचेच राहिले. आदित्य श्रीवास्तव तर आधी एका केसमध्ये गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते आणि मग अभिजीत झाले, आणि माझ्या मते पूर्ण मालिकेतला सगळ्यात चांगला नट तोच, संशयिताकडे बघताना डोळे बारीक करायची त्याची पद्धत मी आजपर्यंत कुणात बघितली नाही. नरेंद्र गुप्तांचे डॉ. साळुंखे आणि एसीपी यांची कुरबुर, ते "बॉस" म्हणणं, घरातल्या दोन म्हाताऱ्या भावांसारखं. आणि दिनेश फडणीसांचा फ्रेडी, भुताला घाबरणारा, बायकोला घाबरणारा, पण वेळ आली की मागे न हटणारा. पोलिसाला भीती वाटू शकते हे हिंदी टीव्हीवर दाखवायला तेव्हा धाडस लागत असणार.

नकुलची गोष्ट बघणाऱ्यांना सांगायला नको. एसीपीचा मुलगा, गुन्हेगारीत गेलेला, आणि शेवटी बापाच्याच गोळीने मेलेला. त्या रात्री आजीच्या हातातली वात भाग संपला तरी तशीच होती. टीव्ही बंद केला, अंथरुणं टाकली, आजी बसूनच. मग म्हणाली, "आता घरी जाऊन जेवल कसा ह्यो?" एसीपीचं घर मालिकेत क्वचितच दिसायचं. तो जेवतो की नाही हे कोणी दाखवलं नव्हतं. पण आजीला त्याच्या न दाखवलेल्या स्वयंपाकघराची काळजी पडली होती. लिहिणाऱ्याला आणि नटाला याच्यापेक्षा मोठी पावती कुठली मिळणार?

त्या काळात त्या लोकांना आपल्या कामाची केवढी उमेद होती त्याची एक खूण म्हणजे ७ नोव्हेंबर २००४ चा भाग. १११ मिनिटं, सलग, एकही कट नाही. कॅमेरा एकदा सुरू झाला तो शेवटपर्यंत बंद नाही. गिनीज बुकात आणि लिम्का बुकात त्याची नोंद झाली. तोवर मला कट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दादाने समजावलं की एरवी प्रत्येक वाक्य वेगळं शूट करतात, चुकलं की परत घेतात, इथे कोणी एक शब्द विसरला असता तर सगळं पहिल्यापासून. मग मी तो भाग बघताना श्वास रोखून बसले, गोष्टीसाठी नाही, माणसांसाठी. एक नट खोलीतून बाहेर गेला की मला वाटायचं तो आता भिंतीमागून पळत पळत पलीकडच्या दाराशी पोचत असेल. पाच-सहा वर्षं रोज पोलीस झालेली माणसं होती म्हणून ते जमलं, नवख्यांना जमलं नसतं. मेहनतीचं टीव्ही म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

आता उतरणीचं.

ती कधी सुरू झाली याची तारीख मला सांगता येणार नाही, पण आजीचे हात सांगता येतील. साधारण मी कॉलेजात असताना, सुट्टीला घरी आले की बघायचे, सीआयडी लागलेली आहे, एक तासाचा भाग झालाय आता, आणि आजीच्या वाती चालूच आहेत. थांबतच नाहीत. एका सुट्टीत मी विचारलं, आजी कोण वाटतंय तुला? ती म्हणाली, "कोण बी निघंल. त्यो तोंडावरचं कातडं काढतोय आन् खालनं दुसराच निघतोय. मग म्या तोंड बगून काय करू?"

त्याच्या काही आठवडे आधीपासून मुखवट्यांच्या केसेस लागोपाठ चालल्या होत्या. रबरी मास्क, हुबेहूब दुसऱ्याचा चेहरा, शेवटी कानामागून ओढून काढायचा. मग जुळे भाऊ. मग मेलेला माणूस मेलेलाच नाही. मग आपलाच अधिकारी फितूर, मग तो फितूर नाही, नाटक होतं. प्रेक्षकाशी झालेला एक करार असतो, की तू लक्ष देऊन बघितलंस तर तुला कळेल, कळण्याइतकं आम्ही दाखवू. चेहरा खोटा ठरला की तो करार संपला. आजीसारख्या बाईकडे, जिला भाषा कळत नव्हती आणि फक्त चेहरे वाचता येत होते, तिच्याकडे मग काहीच उरलं नाही. ती बघायची, कारण साटम होते. घरात आलेल्या पाहुण्याला उठून जा कसं म्हणायचं?

असं का झालं यावर मी बराच विचार केलाय. एक तर सरळ मोजणी आहे. आठवड्याला अर्धा तास लिहायचा तेव्हा एका केसवर लेखकाला विचार करता यायचा. मग तासाचा भाग झाला, मग आठवड्यातून दोन दिवस, मग काही काळ शुक्रवार, शनिवार, रविवार तीन दिवस. आठवड्याला तीन नवीन खून, प्रत्येकात चार संशयित, प्रत्येकाला कारण, प्रत्येकाला दिवसभराचा हिशोब. कुठून आणणार? जमिनीची वाटणी आणि उधारी संपली की माणूस मुखवट्याकडे आणि लाल-निळ्या लिक्विडकडेच जाणार. लॅबमध्ये साळुंखेंनी नळीत थेंब टाकायचा, रंग बदलायचा, विषाचं नाव, देश, दुकान, सगळं एका मिनिटात. आमच्याकडे व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात, सीलबंद बाटल्या लॅबला जातात आणि सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट बघण्यात महिने जातात. पण माझी तक्रार वेगाबद्दल नाहीये, टीव्हीवर वेग लागतोच. माझी तक्रार ही की आधी साळुंखेंचा रिपोर्ट एसीपीला कुणाच्या तरी दाराशी पाठवायचा, प्रश्न विचारायला. नंतर रिपोर्टच उत्तर द्यायला लागला, दाराशी जायची गरजच राहिली नाही.

दुसरी गोष्ट त्याच वाहिनीवर घडली. २००३ पासून सोनीवर क्राइम पेट्रोल आलं आणि २०१० नंतर अनुप सोनींच्या निवेदनाने ते घराघरात गेलं. खऱ्या केसेस, साधी घरं, सासर-माहेर, शेजारी, उधारी. म्हणजे सीआयडीची जी जमीन होती तीच. एकाच वाहिनीवर दोघं तेच पीक घेणार कसे? मग खरेपणा तिकडे गेला आणि सीआयडीकडे राहिली अद्भुत बाजू, रोबो, भुतं, जंगलातले बंगले, परदेशी डॉन. हे कुणी ठरवून केलं का मला माहीत नाही, पण बघताना असंच दिसायचं.

आणि तिसरं, ज्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, खरा तपासच बदलला. मी आता जी दोषारोपपत्रं वाचते त्यात सीडीआर, म्हणजे फोन कॉलची नोंद, असतो, टॉवर लोकेशन असतं, चौकातल्या सीसीटीव्हीचं फुटेज आणि ते खरं असल्याचं त्याला जोडलेलं सर्टिफिकेट, जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५ ब चं, नव्यात ६३ चं. इस्त्रीवाल्याचा जबाब असतो, पण शेवटून तिसरा, आणि त्यात दोन ओळी. १९९८ मध्ये माणूस कुठे होता हे दुसऱ्या माणसाला विचारूनच कळायचं. सीआयडीचा जन्म त्या काळातला. मोबाईल प्रत्येक खिशात आल्यावर त्या मालिकेपुढे खरं आव्हान होतं की आता चौकशीतलं नाट्य कुठे शोधायचं. ते शोधता आलं असतं, कारण फोन कुठे होता ते टॉवर सांगतो, फोन कुणाच्या हातात होता ते अजूनही माणसालाच विचारावं लागतं, माझ्या अर्ध्या उलटतपासण्या त्यावरच चालतात. पण मालिकेने तो रस्ता न घेता नुसती यंत्रं आणली.

आणि दरवाजा. "दया, दरवाजा तोड दो." याच्यावर लोक इतकं हसलेत की मला त्याच्याबद्दल गंभीरपणे लिहायचं आहे. सुरुवातीला दार तुटायचं कारण आत कोणीतरी असायचं. हाक मारून झाली, बेल वाजवून झाली, शेजारीण म्हणाली की कालपासून दिसली नाही, आणि मग एसीपी दयाकडे बघायचा. त्या बघण्यात धाकधूक असायची, आत प्रेत सापडणार की जिवंत माणूस. दयानंद शेट्टी आधी थाळीफेकपटू होते, तो देह दारावर आदळायचा तेव्हा आपल्याही खांद्याला कळ यायची. नंतर लोकांना ते वाक्य पाठ झालं, टी-शर्टवर आलं, मोबाईलवर फिरायला लागलं, आणि मालिकेलाही ते कळलं. मग दार तुटायला लागलं कारण प्रेक्षक वाट बघतोय. कडी न लावलेली, लाथेने उघडतील अशी दारं. आत कोण आहे याची काळजी ना एसीपीला, ना आपल्याला. स्वतःची नक्कल बघून मूळ माणूस त्या नकलेसारखं वागायला लागला की जे वाटतं तेच मला तेव्हा वाटायचं, आणि वाईट वाटायचं, कारण ही माणसं त्याहून खूप जास्त करू शकतात हे मी १११ मिनिटं सलग बघितलं होतं.

आजी २०१३ च्या पावसाळ्यात गेली. तिने वळून ठेवलेल्या वातींचे दोन डबे देवघराखालच्या फळीवर होते, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरले. त्यातल्या एका डब्यात वर वर ठेवलेल्या चार-पाच वाती अर्ध्याच वळलेल्या, एका टोकाला कापूस तसाच फुललेला. त्या कधीच्या असतील कोण जाणे. आईने त्या लावल्या नाहीत, परत डब्यात ठेवल्या.

२७ ऑक्टोबर २०१८ ला सीआयडी थांबली, वीस वर्षं नऊ महिने आणि पंधराशेच्या वर भाग. वाहिनीने तेव्हा मध्यंतर असा शब्द वापरला होता. मी तो शेवटचा भाग बघितला नाही, दुसऱ्या दिवशी कळलं. एवढी वर्षं ज्यांच्याकडे दर आठवड्याला जात होतो ते घर सोडून गेले आणि आपण स्टँडवर पोचवायला सुद्धा गेलो नाही, अशी रुखरुख मला बरेच दिवस होती. लॉकडाऊनमध्ये मग मी जुने भाग शोधून बघत बसायचे, पहिल्या दोन-तीन वर्षांतले. चित्र धुरकट, मागे जुनी मुंबई, फियाट टॅक्सी, पीसीओचे पिवळे बोर्ड. आणि चौकशी चाललेली असते, हळू, एकेक प्रश्न. नवरा म्हणाला किती स्लो आहे हे. मी त्याला म्हटलं, गप्प बस आणि त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघ.

५ डिसेंबर २०२३ ला दिनेश फडणीस गेले, वय ५७. त्या दिवशी कोर्टात लंच टाइमला बाररूममध्ये बातमी कळली आणि माझ्या वयाचे आम्ही तीन-चार वकील एकदम गप्प झालो. एक सीनियर म्हणाले, कोण होते, तुमच्या ओळखीचे? माझ्या तोंडून "हो" गेलं, आणि मला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

वर्षभराने, २१ डिसेंबर २०२४ ला, सीआयडी परत सुरू झाली. साटम, अभिजीत, दया, तिघंही. मी पहिला भाग लावला, कराडहून काकू आली होती, ती आणि मी. साटमांचं वय दिसत होतं आणि ते मला आवडलं, पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आता आपोआप खूप काही असतं, त्याला नुसतं बघू दिलं असतं तरी पुरलं असतं. पण पार्श्वसंगीत त्याला एक क्षण बघू देत नव्हतं. प्रत्येक वाक्याला धडाम, प्रत्येक वळणाला तीन बाजूंनी तोच चेहरा. दया आणि अभिजीतमध्येच वैर लावलेलं. काकू तरी बघत राहिली, मी उठून उद्याच्या तारखेची फाईल काढली.

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये मालिकेत एसीपी प्रद्युमनला मारलं. बॉम्बस्फोटात. वाहिनीने सोशल मीडियावर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, काळी पार्श्वभूमी, साटमांचा फोटो. पुढे ते पात्र परत आणलंच, पण त्या दिवशी ती पोस्ट फिरत फिरत सगळीकडे गेली, खालचं-वरचं वाक्य गळून नुसता फोटो राहिला, आणि रविवारी सकाळी काकूचा फोन आला. आवाज बारीक झालेला.

"अगं, साटम गेले का?"

मी म्हटलं, "नाही काकू, ते मालिकेतलं आहे. ते बरे आहेत."

"नक्की?"

"नक्की. मी बघितलंय."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "मी मघाशी देवापुढं बसले होते, हात चालेना बघ. तिथंच सोडून तुला फोन लावला. बरं, ठेवते, दिवा लावायचा राहिलाय."